अमेरिकेतल्या घराची भिंत दुरुस्तीसाठी कशी उघडावी

आमच्या न्यू जर्सीतल्या घरात पहिली गळती झाली तेव्हा स्वयंपाकघराच्या छतावर चहाच्या रंगाचा डाग उमटला. त्याच्या बरोबर वर मुलांची बाथरूम. बाबा तेव्हा नाशिकहून आमच्याकडे आले होते. वर जाऊन त्यांनी शॉवरच्या मागची भिंत नारळ वाजवून बघावा तशी बोटाने वाजवली, चार बोटं सरकून पुन्हा वाजवली आणि म्हणाले, "अरे, ही आतून पोकळ आहे. ही फोडायची नाही, कापायची."

आयुष्यभर विटांच्या घरात राहिलेल्या माणसाला ते मिनिटभरात कळलं. मला मात्र घर घेऊन दोन वर्षं झाली तरी भिंतीला हात लावायची भीती वाटत होती. भिंतीतला नळ दुरुस्त करायचा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात छन्नी-हातोडी, फुटलेल्या टाइल्स, घरभर सिमेंटची धूळ आणि नंतर कधीच न जुळणारा रंग. इथल्या भिंतीत चौकोन नीट कापला आणि काम झाल्यावर तोच तुकडा परत बसवला, तर कुठे कापलं होतं ते महिन्याभराने घरच्यांनाही सापडत नाही. नव्याने घर घेतलेल्या मित्रमंडळींना हे काम दाखवताना मी सर्वांत आधी एक गोष्ट सांगतो: भोक कुठे आणि केवढं पाडायचं ते ठरवण्यापूर्वी ते बुजवणार कसं, हे ठरवा. त्या एका विचाराने निम्म्या चुका टळतात.

भिंतीच्या आत काय असतं

इथल्या बहुतेक घरांचा सांगाडा लाकडी असतो. उभ्या वाशांना स्टड म्हणतात. दुकानात 'टू बाय फोर' म्हणून मिळणारा वासा प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि साडेतीन इंच रुंद भरतो. दोन स्टडमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत साधारण १६ इंच, म्हणजे मधली मोकळी जागा साडेचौदा इंच. काही भिंतींत हे अंतर २४ इंचही असतं, म्हणून गृहीत धरू नका, मोजा. या वाशांवर दोन्ही बाजूंनी ड्रायवॉलचे पत्रे स्क्रूने ठोकलेले असतात. ड्रायवॉल म्हणजे दोन जाड कागदांमध्ये जिप्सम. भिंतीला बहुधा अर्धा इंच जाडीचा पत्रा वापरतात, गॅरेज आणि छतासाठी काही ठिकाणी पाच अष्टमांश इंचाचा. लोक सर्रास 'शीटरॉक' म्हणतात, पण ते एका कंपनीचं १९१७ पासूनचं ब्रँडचं नाव आहे. त्याही आधी, १८९४ मध्ये, ऑगस्टीन सॅकेट यांनी कागद आणि प्लास्टरच्या थरांच्या फळीचं पेटंट घेतलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर घरं झपाट्याने बांधायची होती, तेव्हा ओल्या गिलाव्याची जागा या पत्र्यांनी घेतली.

ही माहिती कामाची आहे, कारण तुमचं घर त्या काळाच्या आधीचं असेल तर भिंतीत ड्रायवॉलऐवजी लाकडी पट्ट्यांवरचा गिलावा असण्याची शक्यता मोठी. तो करवतीच्या धक्क्याने दूरपर्यंत तडकतो. त्या भिंतीला ही पद्धत लावू नका.

जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा त्याच्या रेणूंत बांधलेलं पाणी असतं. आग लागली की ते पाणी वाफ होऊन निघतं आणि तेवढा वेळ भिंत मागच्या लाकडाला वाचवते. बाहेरून मुरलेलं पाणी मात्र जिप्समला सोसत नाही. पत्रा भिजून मऊ होतो, कागदावर बुरशी धरते. गळती दिसल्यावर 'पुढच्या शनिवारी बघू' म्हणणं म्हणूनच महागात पडतं. भिजलेला भाग २४ ते ४८ तासांत वाळवता आला तर बुरशी बहुतेक वेळा टळते.

करवत घेण्याआधी गळती ओळखा

घरातले सगळे नळ बंद करा, वॉशिंग मशीन आणि डिशवॉशर बंद असल्याची खात्री करा आणि पाण्याचं मीटर बघा. बऱ्याच मीटरवर एक लहानसा त्रिकोण किंवा चक्र असतं, ते थेंबभर पाण्यानेही फिरतं. कोणी पाणी वापरत नसताना ते फिरत असेल तर सतत दाब असलेला पाइप किंवा एखादा संडासाचा फ्लश गळतोय. ते स्थिर असेल आणि तरीही डाग वाढत असेल, तर पाणी फक्त वापराच्या वेळी जातंय. तेव्हा सांडपाण्याचा पाइप, टबाची कड किंवा शॉवरच्या व्हॉल्व्हपासून वर तोटीकडे जाणारा पाइप यांवर संशय घ्या. या शेवटच्या पाइपात शॉवर चालू असतानाच पाणी चढतं, म्हणून दिवसभर कोरडा आणि मुलांच्या आंघोळीनंतर ओला असं होतं. आमच्याकडे नेमकं हेच घडत होतं.

न कापता जेवढं दिसतं तेवढं आधी पाहून घ्या. शॉवरच्या मुठीमागची धातूची गोल तबकडी दोन स्क्रू काढले की निघते. तिच्यामागे टाइलला आधीच मोठं भोक असतं. टॉर्च लावून, मोबाइल आत धरून फोटो काढला तर अनेकदा गळणारा सांधा तिथूनच दिसतो. आम्हाला वरच्या कोपऱ्याजवळ थेंब लोंबताना दिसला. तिथे हात पोचत नव्हता, पण कुठे कापायचं ते त्या फोटोने सांगितलं.

छत पाण्याने फुगून खाली झुकलं असेल तर मात्र वाट बघू नका. खालचं सामान हलवा, त्या खोलीची वीज बंद करा, बादली ठेवा आणि फुगवट्याच्या सर्वांत खालच्या टोकाला स्क्रूड्रायव्हरने एक लहान छिद्र पाडून पाणी काढा. एकदम पत्रा कोसळण्यापेक्षा ते बरं.

हात लावू नये अशा भिंती

भाड्याचं घर असेल तर मालकाला लेखी कळवा आणि थांबा. टाउनहाउस किंवा कॉन्डोमध्ये शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत आग अडवण्यासाठी बांधलेली असते. ती कापायची नाही, आधी असोसिएशनशी, म्हणजे घरमालकांच्या संस्थेशी, बोला. घर आणि जोडलेलं गॅरेज यांच्यामधली भिंत आणि गॅरेजचं छत यांचंही तसंच. तिथे भोकावर प्लास्टिकचं उघडझाप करता येणारं झाकण बसवून मोकळं होता येत नाही. कापलं तर त्याच प्रतीच्या पत्र्याने आणि सांधे पूर्ण भरून बंद करावं लागतं, किंवा आगरोधक म्हणून प्रमाणित असलेलं धातूचं दार बसवावं लागतं.

जुन्या घरांबद्दल मी आग्रहाने सांगेन. अ‍ॅस्बेस्टॉस असलेल्या, सांधे भरायच्या लांबीवर (म्हणजे पुट्टीवर) अमेरिकेत १९७७ मध्ये बंदी आली आणि घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये. दुकानांतला जुना साठा त्यानंतरही काही काळ वापरला गेला असणार. तुमचं घर १९८० च्या आधीचं असेल तर कापण्यापूर्वी भिंतीचा लहान नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ डोळ्यांना दिसत नाही, वास येत नाही आणि त्याचे आजार कित्येक वर्षांनी उघडे पडतात. घरात लहान मुलं असतील तर या तपासणीचा खर्च वाचवू नका.

बाहेरच्या भिंतीही शक्यतो टाळा. त्यांत काचेच्या तंतूंचा कापूस भरलेला असतो आणि थंड प्रदेशात त्यावर बाष्प अडवणारा कागद किंवा प्लास्टिक असतं. ते फाटलं तर नीट चिकटवून पूर्ववत करावं लागतं.

जागा कशी ठरवायची

नव्याने घर घेतलेले लोक शॉवर गळला की शॉवरचीच भिंत बघत बसतात. त्या बाजूला टाइल आहे आणि तिच्यामागे सिमेंटची फळी. एक टाइल काढली तर शेजारच्या चार हलतात आणि तसा रंग पुन्हा मिळत नाही. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला जा. तिथे बहुधा कपड्यांचं क्लोजेट, बोळ किंवा बेडरूम असते, साधा रंगवलेला ड्रायवॉल असतो. आमचा व्हॉल्व्ह मुलांच्या क्लोजेटच्या मागे निघाला. तिथे कापलं तर बुजवलेलं थोडं खडबडीत राहिलं तरी शर्टांमागे झाकलं जातं. पहिल्यांदा हे काम करणाऱ्याला याहून चांगली जागा मिळणार नाही.

पलीकडची जागा नेमकी कशी शोधायची? बाथरूममध्ये व्हॉल्व्हच्या मध्यापासून दरवाजाच्या चौकटीपर्यंत किंवा दोन्ही खोल्यांना समान असलेल्या एखाद्या कोपऱ्यापर्यंत मोजा, जमिनीपासूनची उंची मोजा. मग मागच्या खोलीत तीच मापं टाका, मधल्या भिंतीची जाडी विसरू नका. टबाचा तळ आणि खोलीची जमीन एका पातळीत नसतात, म्हणून उंची नेहमी जमिनीपासूनच घ्या.

आता स्टड शोधा. स्टड फाइंडर स्वस्त मिळतो, पण माझा भरवसा एका साध्या लोहचुंबकावर आहे. दोऱ्याला बांधून भिंतीवरून हळू फिरवला की ड्रायवॉलच्या स्क्रूवर तो चिकटतो, आणि जिथे स्क्रू तिथे स्टड. दोन-तीन स्क्रू एकाखाली एक सापडले की पेन्सिलने उभी रेघ मारा. विजेच्या सॉकेटचा डबाही एका बाजूने स्टडलाच ठोकलेला असतो. खात्री हवी असेल तर चौकोनाच्या मधोमध बोटाएवढं छिद्र पाडा, कपड्याच्या हँगरची तार काटकोनात वाकवून आत घाला आणि दोन्हीकडे फिरवून बघा. ती जिथे अडते तिथे स्टडची कड. त्याच छिद्रातून मोबाइलला जोडायचा लहान कॅमेरा घातला तर आतलं सगळं चित्र दिसतं. असा कॅमेरा आता महाग राहिलेला नाही, एकदा घेतला की वर्षानुवर्षं उपयोगी पडतो.

आकार नेहमी चौकोनी ठेवा. गोल किंवा वेडावाकडा तुकडा परत बसवणं कठीण. रुंदी ठरवायचे दोन मार्ग आहेत. एक, दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत, म्हणजे १६ इंच कापायचं. मग दोन्ही बाजूंना पाऊण इंच लाकूड टेकायला मिळतं आणि तुकडा थेट त्यावर स्क्रू करता येतो. दुसरा, स्टडच्या मधल्या मोकळ्या जागेतच कापायचं आणि बंद करताना मागे पट्ट्या लावायच्या. कायमचं झाकण बसवायचं असेल तर दुसरा मार्ग. दुकानात मिळणारी १४ बाय १४ इंचांची झाकणं याच मोकळ्या जागेसाठी केलेली असतात. झाकण आधी विकत आणा आणि त्यावर लिहिलेल्या मापाने कापा.

भोक लहान असावं म्हणून कंजूषपणा करू नका. सहा इंचांच्या भोकात दोन पाने घालून पाइप धरता येत नाही, मग ते वाढवताना कडा तुटतात. बुजवायला सहा इंचांच्या भोकाला जेवढी मेहनत लागते तेवढीच १६ इंचांच्या भोकाला लागते. दोन्हींना थर तेच, वाळायचा वेळ तोच.

वीज आणि पाणी

इथे आपल्या लोकांसाठी एक गंभीर सूचना आहे. भारतात आपण काळी तार म्हणजे न्यूट्रल असं शिकलो, लाल-पिवळी-निळी म्हणजे फेज. अमेरिकेत काळी तार जिवंत असते, लालही जिवंत. पांढरी न्यूट्रल, उघडी तांब्याची किंवा हिरवी अर्थ. पांढरीवरही विसंबू नका, काही स्विचच्या जोडणीत तीही जिवंत असते. भारतात इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली शिकलेल्या माणसाची बोटं सवयीने काळीकडे जातात. रंग बघून हात लावायचाच नाही, टेस्टर बघूनच लावायचा.

त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या खोल्यांचे ब्रेकर बंद करा. एकाच भिंतीतून दोन-तीन वेगळ्या सर्किटच्या केबल जाऊ शकतात, म्हणून दोन्ही बाजूंचे आणि वरच्या-खालच्या मजल्याचेही तपासा. संशय असेल तर मुख्य ब्रेकर पाडा आणि बॅटरीच्या दिव्यावर काम करा. तारेला न टेकवता वीज ओळखणारा टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो चालतोय ना ते बघा, मग इथे वापरा, आणि नंतर परत चालू सॉकेटवर लावून बघा.

सॉकेट आणि स्विचच्या सरळ वर आणि सरळ खाली केबल असतेच असं धरून चाला. त्या उभ्या पट्ट्यात कापू नका.

पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बहुधा तळघरात, गॅरेजमध्ये किंवा मीटरजवळ असतो. तो बंद करा आणि सर्वांत खालच्या मजल्यावरचा नळ उघडून पाइप रिकामे होऊ द्या. हा व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला आजच दाखवून ठेवा.

सामान

ड्रायवॉलची टोकदार हातकरवत, नवं पातं घातलेला युटिलिटी नाइफ, पेन्सिल, टेप, पाणसळ किंवा लेव्हल, गुण्या, चष्मा, एन-९५ मास्क, जमिनीवर अंथरायला कापड आणि व्हॅक्यूम. व्हॅक्यूमला बारीक धुळीची पिशवी असू द्या, साध्या फिल्टरमधून जिप्समची धूळ परत हवेत येते. स्टडच्या मध्यावर कापायचं असेल तर ऑसिलेटिंग मल्टिटूल, म्हणजे थरथरणाऱ्या पात्याचं विजेचं हत्यार, फार सोपं पडतं. शेजाऱ्यांकडे मागा, इथे प्रत्येक गल्लीत कोणाकडे तरी असतं.

कापणं

खोलीचं दार बंद करा, हवेच्या व्हेंटवर प्लास्टिक चिकटवा, नाहीतर हीटर चालू झाला की धूळ घरभर जाईल. पाणसळ लावून चारही रेघा आखा, गुण्याने कोपरे तपासा.

आधी सुरी. रेघेवरून पातं तीन-चार वेळा फिरवून रंग आणि वरचा कागद पूर्ण कापून घ्या. ही पायरी गाळू नका. पहिल्या खेपेला मी थेट करवत चालवली आणि तुकडा ओढताना चौकोनाच्या बाहेरचा कागद हातभर सोलून निघाला. तेवढा भाग दुरुस्त करायला भोकापेक्षा जास्त वेळ गेला.

मग करवत. तिचं पातं साधारण सहा इंच लांब असतं आणि भिंतीतली पोकळी साडेतीन इंच. पूर्ण आत खुपसली तर ती पाइपाला, केबलला, नाहीतर पलीकडच्या भिंतीच्या पाठीला लागणार. पात्याच्या टोकापासून पाऊण इंच सोडून चिकटपट्टी गुंडाळा आणि त्यापुढे आत जाऊ देऊ नका. हात भिंतीला जवळजवळ टेकवून, पातं तिरकं धरून, लहान लहान फेऱ्यांनी कापा. पाइप अगदी जवळ असेल त्या बाजूला करवत वापरूच नका. सुरीने आठ-दहा वेळा तीच रेघ खोल करत गेलात तरी अर्धा इंच जिप्सम कापलं जातं.

पातं थोडं कललेलं ठेवलंत, म्हणजे तुकड्याची पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा जराशी मोठी निघाली, तर परत बसवताना तो बाटलीच्या बुचासारखा जागेवर टेकतो.

करवतीला धातू लागला तर थांबा. स्टडच्या कडेवर पोलादी पट्टी ठोकलेली असेल. जिथे पाइप किंवा केबल स्टडच्या कडेपासून सव्वा इंचाच्या आत येते तिथे ती संरक्षणासाठी लावतात. तिच्यामागे काहीतरी आहे, याची ती खूण. ती काढायची नाही.

शेवटची रेघ वरची असू द्या आणि कापण्याआधी तुकड्याच्या मध्यात एक स्क्रू अर्धवट फिरवून मूठ करा. तुकडा हातात येतो, आत पडत नाही. स्टडवर जुने स्क्रू असतील तर ते उलटे फिरवून काढा. तुकड्याच्या मागे पेन्सिलने 'वर' लिहा आणि तो कोरड्या जागी सपाट ठेवा.

उघडल्यावर

आधी फोटो काढा. चौकटीला टेप लावून, सगळी मापं दिसतील असे तीन-चार. पुढच्या वेळी त्या भिंतीत खिळा ठोकताना ते सोन्याच्या मोलाचे ठरतात.

आत काय दिसेल? तांब्याचे पाइप किंवा लाल-निळे प्लास्टिकचे पेक्स पाइप म्हणजे गरम-थंड पाणी. जाड पांढरा किंवा काळा प्लास्टिकचा पाइप सांडपाण्याचा. काळा लोखंडी किंवा पिवळा, वळ्यावळ्यांचा लवचिक पाइप दिसला तर तो गॅसचा. त्याला धक्काही लावायचा नाही. पांढरी केबल बहुधा १५ अँपिअरची, पिवळी २० ची, नारिंगी ३० ची, पण जुन्या घरांत सगळ्याच पांढऱ्या असू शकतात.

सांधा आवळणं, पेक्सचा तुकडा बदलणं हे शिकून करता येतं. तांब्याचा सांधा डाखायचा असेल तर मी प्लंबरला बोलावतो आणि तुम्हीही बोलवा. भिंतीच्या पोकळीत, कोरड्या लाकडाच्या चार इंचांवर आगीची ज्योत धरणं हे नवशिक्याचं काम नाही. प्लंबरला उघडी, स्वच्छ आणि पुरेशी मोठी चौकट तयार मिळाली की त्याचा वेळ वाचतो आणि बिलही त्या मानाने येतं. पाइपाचा मार्ग बदलायचा असेल किंवा विजेचं नवं काम असेल तर गावाच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला परवान्याबद्दल आधी विचारा.

बुरशी दिसली तर घाबरून जाऊ नका, पण आकार बघा. सुमारे दहा चौरस फुटांपेक्षा, म्हणजे तीन बाय तीन फुटांपेक्षा थोडी मोठी, अशी जागा व्यापली असेल तर व्यावसायिक बोलवा. त्याहून कमी असेल तर भिजलेला पत्रा पूर्ण कापून टाका, लाकूड पुसून घासा आणि पंखा लावून वाळवा. भिजून मऊ झालेला तुकडा परत वापरायचा नाही. नवा पत्रा घ्या, दुकानात दोन बाय दोन फुटांचा तुकडाही मिळतो.

दुरुस्ती झाल्यावर पाणी सुरू करा, सांध्याभोवती कोरडा टिश्यू गुंडाळा आणि भिंत निदान दोन दिवस उघडी ठेवा. या दोन दिवसांत रोजच्यासारख्या सगळ्यांच्या आंघोळी होऊ द्या. टिश्यू कोरडा राहिला तरच बंद करायची.

बुजवायचं की झाकण ठेवायचं

शॉवरच्या व्हॉल्व्हचं आतलं कार्ट्रिज, म्हणजे पाणी सोडणारा-अडवणारा सुटा भाग, पुढूनच बदलता येतं, त्यासाठी मागे कायमची खिडकी लागत नाही. टबाच्या सांडपाण्याचे सांधे, जकुझीची मोटर यांना मात्र परत परत हात लावावा लागतो. तिथे झाकण ठेवा, कडांना थोडं सिलिकॉन लावून बसवा आणि भिंतीच्या रंगाने रंगवून टाका. आत तारा जोडलेला विजेचा डबा सापडला तर तो ड्रायवॉलमागे गाडता येत नाही, नियमाने तो पोचता येईल असाच राहिला पाहिजे.

बुजवायचं ठरलं आणि चौकोन स्टडच्या मधे कापला असेल, तर उंचीपेक्षा चार इंच लांब अशा दोन पातळ लाकडी पट्ट्या घ्या. त्या तिरक्या करून आत घाला, उभ्या धरा, अर्धी रुंदी भिंतीमागे आणि अर्धी उघड्यावर राहील अशा, आणि भिंतीतून स्क्रू मारा. मग तुकडा बसवा, त्यालाही स्क्रू.

स्क्रू सव्वा इंचाचेच घ्या, मोठे नकोत. अर्धा इंच ड्रायवॉलमध्ये जातो, पाऊण इंच लाकडात. आत केबल आणि पाइप कडेपासून सव्वा इंच दूर ठेवलेले असतात, म्हणून हा स्क्रू त्यांच्यापर्यंत पोचत नाही. दोन इंचांचा पोचतो. स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित खाली जावं, पण कागद फाटू नये. फाटला तर तो स्क्रू काहीच धरत नाही, शेजारी दुसरा मारा.

लांबी आणि रंग

पहिल्या थरासाठी भुकटीच्या रूपात मिळणारी, ४५ मिनिटांत घट्ट होणारी लांबी घ्या. ती रासायनिक क्रियेने जमते, आकसत नाही. २० मिनिटांची घेऊ नका, नवशिक्याच्या हातात ती पातेल्यातच दगड होते. दह्याइतकी घट्ट कालवा. सांध्यांवर जाळीची पट्टी चिकटवा आणि सहा इंची पात्याने लांबी दाबून भरा. बादलीतली तयार लांबी वापरणार असाल तर जाळीऐवजी कागदी पट्टी ओल्या लांबीत बसवा. जाळी आणि तयार लांबी ही जोडी सांध्यावर केसाएवढी भेग सोडते.

वाळल्यावर उंचवटे पात्याने खरवडा. दुसरा थर तयार लांबीचा, आठ-दहा इंची पात्याने, आधीच्या कडेच्या बाहेर दोन-तीन इंच. दुसऱ्या दिवशी तिसरा, १२ इंची पात्याने, अगदी पातळ. जाड थराने काम लवकर होईल असं वाटतं, पण तो आतून ओला राहतो आणि घासताना नुसता कष्ट देतो. शेवटी १५० नंबरच्या सँडपेपरने हलक्या हाताने घासा. अंधार करून टॉर्च भिंतीला समांतर धरा, जिथे सावली पडते तिथे अजून उंचवटा किंवा खड्डा आहे.

प्रायमर लावल्याशिवाय रंग देऊ नका. लांबी रंग शोषून घेते आणि कितीही हात मारले तरी तिथे फिकट चौकोन दिसत राहतो. घर घेताना आधीच्या मालकाने रंगाचा डबा ठेवला असेल तर उत्तम, पण वर्षानुवर्षांच्या उन्हाने भिंत बदललेली असते. तेवढाच चौकोन रंगवला की तो वेगळा दिसतो, म्हणून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रंगवा. क्लोजेटच्या आतली असेल तर पाऊण तासाचं काम. उरलेल्या रंगाच्या डब्यावर खोलीचं नाव, रंगाचा नंबर आणि तारीख मार्करने लिहून तो थंडीत गोठणार नाही अशा जागी ठेवा. आमचा तळघरात, पाण्याच्या मुख्य व्हॉल्व्हच्या शेजारच्या फळीवर आहे.